मिठाची वाटी

बाजीराव स्पीकरवाल्यांनी, म्हणजे आप्पांनी, जाताना लेकाला घर दिलं, दीड एकर रान दिलं आणि लेकीला रेकॉर्डींच्या दोन पेट्या दिल्या. निरवांगीतले लोक म्हणाले, पोरीच्या वाट्याला भंगार आलं. प्रियदर्शनीला मात्र आपलाच वाटा मोठा वाटला, कारण त्यातल्या एका पेटीत तिची आई होती.

आई, हौसाबाई, सत्तर साली काविळीनं गेली. प्रियदर्शनी तेव्हा चार वर्षांची होती. आईचा फोटो नव्हता, लुगडी वाटली गेली होती. उरली होती ती एक मोठी रेकॉर्ड. अडुसष्ट साली इंदापूर तालुक्यातल्या सहा बायकांची गायन पार्टी मुंबईला गेली आणि तिथं बाबासाहेबांची गाणी गाऊन आली. वाड्या-वस्त्यांनी वर्गणी काढून पन्नास रेकॉर्डी काढून घेतल्या होत्या. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं हौसाबाईनं एकटीनं म्हटलेलं. पन्नासातली आता ही एकच राहिली होती. आप्पांच्या हाताखाली शिकलेल्या सोमनाथकाकानं पुण्यापर्यंत विचारून पाहिलं होतं, दुसरी कुठं मिळाली नाही.

दर वर्षी चौदा एप्रिलला पहाटे, गावातला कुठलाही भोंगा वाजायच्या आधी, आप्पा पेटीतून फडक्यात गुंडाळलेली ती रेकॉर्ड काढत. फक्त शेवटचं गाणं लावत. "दर्शू, ही तुझी आई," एवढंच म्हणत. तिसऱ्या ओळीच्या आधी त्या आवाजानं एक खोल श्वास घेतलेला ऐकू यायचा. बारामतीच्या वसतिगृहात आजारी पडली तेव्हा आणि पुढं पुण्यात एम.एस्सी.ला असताना प्रयोग फसला की प्रियदर्शनी तोच श्वास घेऊन ते गाणं गुणगुणायची. आपला आवाज आईवर गेलाय, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

आता ती बारामतीत एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती. चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये आप्पांच्या पहिल्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन होतं. त्या दिवशी आईचं गाणं लावायचं आणि गल्लीतल्या प्रत्येक घराला त्याची कॅसेट द्यायची, असं तिनं ठरवलं. कॅसेट सोमनाथकाका भरून देणार होता. इंदापुरात त्याचं दुकानच होतं. नेण्याआधी स्वच्छ पुसावी म्हणून तिनं रेकॉर्ड प्रयोगशाळेत आणली.

ओल्या कापसाचा बोळा लेबलाच्या कडेला लागला आणि कड उचलली गेली.

खरं तर ती उचलली जायला नको होती. कारखान्यात लेबल चिकटवत नाहीत. तापलेल्या प्लास्टिकबरोबर कागदही दाबला जातो, तो असा सहज सुटत नाही. इथं खाली खळ होती आणि खळीला फिकट निळसर झाक होती. ती झाक प्रियदर्शनीनं लगेच ओळखली. आप्पा कणकेच्या खळीत कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचे.

आप्पांनी लेबलावर कागद चिकटवणं तसं नवीन नव्हतं. लग्नात एखादी नवी रेकॉर्ड गाजली की दुसरे स्पीकरवाले नाव वाचायला घिरट्या घालत. म्हणून आप्पा चांगल्या रेकॉर्डींच्या लेबलावर कोरा खाकी कागद डकवत. लोणी भापकरच्या एका स्पीकरवाल्याला त्यांनी तीन वर्षं एका गाण्याचा पत्ता लागू दिला नव्हता. पण इथं वर कोरा कागद नव्हता. वर आईच्या पार्टीचं लेबल होतं.

तिनं पाणी तापत ठेवलं आणि लेबलाला जरा लांबून वाफ दाखवली. प्रयोगशाळेतला कुंडलिक दारातून बघत होता.

"मॅडम, मी चहाचं पाणी समजून कप घेऊन आलो, आन तुमी त्यावर बाजाची रेकॉर्ड शेकताय."

"दोन मिनिटं थांबा, कुंडलिक."

लेबल अलगद सुटलं. खाली लाल रंगाचं दुसरं लेबल होतं. शेवंताबाई आणि पार्टी. खाली बारीक अक्षरांत साल होतं, १९७४.

आई सत्तर साली गेली होती.

विद्यार्थ्यांना ती नेहमी सांगायची, उत्तर विचित्र आलं तर आधी उपकरणावर शंका घ्या. तिनं भिंग घेतलं. रेकॉर्डच्या मधे, लेबलाभोवती जी गुळगुळीत पट्टी असते तिच्यावर कारखान्याचा नंबर कोरलेला असतो. कागद कुणीही बदलू शकतं, कोरलेला नंबर बदलता येत नाही. तिनं तो दोन्ही लेबलांशी ताडून पाहिला. तो लाल लेबलाचा होता.

"चहा टाकू का, मॅडम?" कुंडलिकनं विचारलं.

"टाका," ती म्हणाली. पण चहा आला तेव्हा ती तिथं नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं ती इंदापूरला उतरली. सोमनाथकाकाच्या दुकानात कुठल्याशा नव्या कॅसेटचा ढोल धडधडत होता.

"ये, ये दर्शू! आणलीस का हौसाबाईला?"

तिनं रेकॉर्ड काचेच्या कपाटावर ठेवली आणि सुटलेलं लेबल तिच्या शेजारी ठेवलं. सोमनाथनं ते पाहिलं. मग हात लांब करून आवाज बंद केला.

"उन्हाची आलीस. पाणी पी आधी."

"पाणी नंतर. काका, ही शेवंताबाई कोण?"

"तुला लेबल काढायची काय गरज पडली? आप्पांची खळ वीस वर्सं टिकली आन तू..."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

सोमनाथ खुर्चीत बसला. कपाळावरचा घाम त्यानं उगाच दोनदा पुसला. "मीच आणली व्हती ती, पुण्यावरनं. आप्पा म्हनले, हौसाच्या आवाजाच्या जवळपासची बघ. दुकानात उभा राहून अकरा रेकॉर्डी ऐकल्या मी."

"मग? जवळपासची आहे का?"

त्यानं सुटलेलं लेबल बोटानं पालथं केलं. "न्हाय गं. जराबी न्हाय. गोड हाय म्हनून घेतली."

"आणि आईची रेकॉर्ड कुठं आहे?"

"ते तुज्या आत्याला, केसराक्काला इचार."

"तुम्ही सांगा."

"दर्शू, मी आप्पांचं मीठ खाल्लंय. माज्या तोंडून न्हाय निघायचं ते."

रेकॉर्ड पिशवीत घालून ती निघाली. मागून त्यानं दोनदा हाक मारली.

निरवांगीत पोचली तेव्हा दुपारची जेवणं चालली होती. केसरबाई, आप्पांची थोरली बहीण, चुलीपुढं भाकरी थापत होती. भाऊ समाधान ताटावर बसला होता. हौसाबाई गेल्यावर दोन्ही पोरांना केसरबाईनंच वाढवलं होतं.

"आगं बया, येवढ्या उन्हाची? बस, ताट घेते," केसरबाई म्हणाली.

"आत्या, आईची रेकॉर्ड कुठं आहे?"

केसरबाईचा हात परातीतच थांबला. समाधाननं घास खाली ठेवला. "सोमनाथकाकाच्या पोटात काय बी राहत न्हाय," तो म्हणाला.

"दादा, तुलाही माहीत होतं?"

"आई गेली तवा मी नऊ वर्षाचा व्हतो, दर्शू. मला आईचा आवाज ठाऊक व्हता की."

"मग दर चौदा एप्रिलला माझ्या शेजारी उभा राहून डोळे पुसायचास ते?"

"आईसाठीच पुसायचो. तू तसली कान देऊन उभी असायचीस... बघवायचं न्हाय मला."

"गल्लीत अजून कुणाकुणाला माहीत आहे?"

"कुणाला म्हाईत न्हाय ते इचार!" केसरबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "हौसाचा आवाज काय लपनारा व्हता? वढ्याच्या पल्याडनं हाक मारली तर अलीकडची जनावरं माना वर करायची. तू सात-आठ वर्साची व्हतीस. रोज उठून त्याला इचारायचीस, आई कशी बोलायची, आई कशी गायची. बाजीरावानं मग लेबल चिकटवलं आन घरोघरी जाऊन हात जोडलं. कुनी बोलू नगा म्हनला. पोरीला आई पायजे व्हती. आमचं काय जात व्हतं गप बसाया?"

प्रियदर्शनीला ती पहाट आठवली. सगळी गल्ली अंगणात उभी असायची, बायका तोंडाला पदर लावून. त्या आईला ऐकतायत असं तिला वाटायचं. त्या बघत होत्या तिला.

"आणि खरी?" तिनं विचारलं. "खरी रेकॉर्ड फुटली का?"

केसरबाई उठली. चुलीमागच्या फळीवरून तिनं मिठाची वाटी काढली आणि प्रियदर्शनीच्या पुढ्यात ठेवली.

काळी, काठाला पाकळ्या पडलेली वाटी. गल्लीत घरटी अशी एक वाटी होती. रेकॉर्ड घासून वाजेनाशी झाली की आप्पा ती उकळत्या पाण्यात मऊ करायचे, पालथ्या पातेलीवर दाबायचे, मधलं भोक मेणानं बुजवायचे. कुणी त्यात सुपारी ठेवी, कुणी बटणं. प्रियदर्शनीनं लहानपणी कितीदा पातेलं धरलं होतं. आणि या वाटीतलं मीठ तर तिनं रोज दोन वेळा घेतलं होतं.

"ही?"

केसरबाई खाली बसली. आता बोलायला लागली तशी थांबेना.

"रेकॉर्ड निघाली आन हौसाला गावोगाव बलावनी याया लागली. लोक बाजीरावाला म्हनायचे, हौसाबाईचा नवरा आला. माईकवर हौसाचं नाव पुकारताना त्याच्या अंगाची लाही व्हायची. कऱ्हाटीला कार्यक्रम व्हता. ह्यो म्हनला, जायचं न्हाय. ती गेली. तिकडंच मुक्काम पडला, सकाळी आली. आली तर ह्यानं चुलवनावर पानी ठिवलेलं. तिच्या म्होरं रेकॉर्ड पान्यात बुडवली, पातेलीवर दाबली, आन वाटी करून तिच्या हातात दिली. म्हनला, मीठ ठिव यात."

"आई काय म्हणाली?"

"काय म्हनायची? मीठ ठिवलं."

चुलीतलं लाकूड सरकलं. ते आत सारायला कुणी उठलं नाही.

"उकळत्या पान्यात लेबलंबी सुटली व्हती. ती तेवढी तिनं वाळवली आन बुद्धवंदनेच्या पुस्तकात ठिवली. मग गायलीच न्हाय. अंगाईबी न्हाय म्हटली तुला. दीड वर्सानं कावीळ झाली."

"आप्पांना नंतर लय लागलं ते, दर्शू," समाधान म्हणाला. "तू त्यांना वाईट समजू नगंस. सगळं तुझ्यासाठीच केलं."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. हा माणूस तिचा भाऊ होता आणि तिच्याशी कधी खोटं बोलला नाही, असं काल सकाळपर्यंत ती कुणालाही सांगू शकली असती. मीठ तिनं एका कागदावर ओतलं आणि वाटी पदराला पुसून पिशवीत ठेवली.

"आगं, आता मीठ कशात ठिवू मी?" केसरबाई गोंधळून म्हणाली.

"डब्यात ठेव, आत्या."

बारामतीला येताना एस्टीत तिनं पिशवी मांडीवर धरली होती. पण डोक्यात तिच्या आप्पा नव्हते, आईही नव्हती. पातेलीचा तळ होता. वाटीचे काठ ताणले गेले होते, तिथल्या रेघा फाटल्या असणार. पण तळ सपाट होता. लेबलाची जागा, गुळगुळीत पट्टी आणि तिच्याबाहेर बोटभर रेघा. रेकॉर्ड बाहेरून आत वाजत येते. म्हणजे जे वाचलं असेल ते शेवटच्या गाण्यातलं.

प्रयोगशाळेत तिनं भिंगातून वाटीवरचा नंबर वाचला. आईच्या लेबलावरचाच होता. वाटीची आतली बाजू ही रेकॉर्डची दुसरी बाजू होती, तीच हवी होती.

रेघांत पंचवीस वर्षांचं मीठ होतं. तीन वेळा ऊर्ध्वपातित पाण्यानं धुतली तेव्हा पाण्याला खारट चव येईनाशी झाली. मग तिनं पेटीतली एक घासलेली रेकॉर्ड घेतली आणि आप्पांच्या पद्धतीनं तिची वाटी केली. पाणी, पातेली, दाब, सगळं तसंच. ती दोन काचांमध्ये ठेवून भट्टीत सपाट करून पाहिली. साठ अंशाला काही झालं नाही. पंचाहत्तरला रेघाच दबून सपाट झाल्या. तशाच दुसऱ्या वाटीला सहासष्ट अंश आणि वर एक जड वजन, एवढ्यानं जमलं. सगळे आकडे तिनं वहीत लिहिले. कुंडलिकनं दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मॅडम, भट्टीत कोन हाय?"

"आई आहे," ती म्हणाली.

रेकॉर्ड सपाट झाली. काठ लाटेसारखा वेडावाकडा राहिला, एका जागी चीर गेली. आपल्या खोलीवर, आप्पांच्या जुन्या प्लेअरवर, तिनं सुई अगदी आत, बोटभर रेघांच्या सुरुवातीला टेकवली.

खरखर झाली आणि मग एक बाई गाऊ लागली. रेकॉर्ड डुलत होती तसा आवाज लांबत, आखडत होता. जाड, भरदार, रानातून हाक मारावी तसा. ना मुरकी, ना हरकत. कुठंही थांबून श्वास घेतलेला नाही. बेचाळीस सेकंदांनी सुई गुळगुळीत पट्टीवर गेली.

प्रियदर्शनीनं पुन्हा लावली. पुन्हा लावली. प्रयोगात द्रावणाचा रंग बदलायची वाट बघत एकेक थेंब सोडावा तशी ती वाट बघत राहिली. अकरा वेळा ऐकलं. हा आवाज कुणाचा, हे तिला पुराव्यानिशी माहीत होतं. पण तो ओळखीचा नव्हता. बाजारात मागून असा आवाज आला असता तर तिनं मान वळवली नसती.

मग तिनं शेवंताबाईची रेकॉर्ड लावली. तिसऱ्या ओळीआधीचा तो श्वास आला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिनं संतापानं सुई उचलली. म्हणजे तिचं अंगसुद्धा आप्पांच्याच बाजूला होतं. वीस वर्षं तिच्या आईच्या जागी त्यांनी एक परकी बाई इतकी नीट डकवली होती की आता खरीला तिथं जागाच नव्हती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी गल्लीत मांडव पडला. वंदना झाली, भंतेजींचं प्रवचन झालं. आप्पांच्या फोटोला फुलं वाहून झाली. लिंबावर भोंगा बांधला होता. ॲम्प्लिफायरपाशी सोमनाथकाका बसला होता. समाधान माईकवर चार शब्द बोलला आणि सवयीनं म्हणाला, "आता आईचं..." आणि थांबला.

प्रियदर्शनी उठली. पिशवीतून तिनं काढलेली ती वेडीवाकडी रेकॉर्ड बघून सोमनाथनं प्लेअरवर हात ठेवला.

"दर्शू, आज नगं. आप्पांचा दिवस हाय."

"म्हणूनच. हात काढा, काका."

त्यानं हात काढला. तिनं सुई टेकवली.

खरखर भोंग्यातून बाहेर पडली आणि मागोमाग तो आवाज. भाताच्या पातेल्यापाशी उभी असलेली केसरबाई झारा हातात घेऊन तशीच वळली. "हौसे!" ती म्हणाली. हाक मारल्यासारखं म्हणाली. खांबाला टेकून बसलेल्या एका म्हातारीनं गुडघ्यावर ताल धरला आणि बोळक्या तोंडानं पुढची ओळ उचलली. ती गायन पार्टीतल्या त्या सहाजणींपैकी एक होती. तिच्यामागं आणखी दोघी-तिघी म्हणू लागल्या. समाधाननं माईक खाली ठेवला आणि जमिनीवर बसून पोरासारखा रडू लागला. सोमनाथ मान खाली घालून बसला होता.

बेचाळीस सेकंद. सुई पट्टीवर जाऊन टकटक करू लागली. सगळ्यांनी प्रियदर्शनीकडं पाहिलं. ती रडेल, कोसळेल, असं त्यांना वाटत असावं. कुणीतरी तिला धरायला पुढं सरकलंही.

तिचे डोळे कोरडे होते. ती एकेक चेहरा निरखत होती. केसरबाईचा, त्या म्हातारीचा, समाधानचा. आई कशी होती ते आता तिला फक्त त्यांच्या चेहऱ्यांवरूनच कळण्यासारखं होतं. अख्ख्या गल्लीत तो आवाज न ओळखणारी ती एकटीच होती, आणि तिला तसं ठेवणारे हेच सगळे होते.

"पुन्यांदा लाव गं, पोरी," केसरबाई म्हणाली. "येकदाच."

प्रियदर्शनीनं सुई उचलली, मागं नेली आणि पुन्हा टेकवली.